कडेचा दिवा

(चित्रप्रदर्शनाचं दालन. सकाळ. अजून कुणी आलेलं नाही. एका मोठ्या चित्रासमोर दोघी बहिणी.)

धाकटी : काल उद्घाटनाच्या वेळी समोरचे दिवे कुणी बंद केले, एवढंच सांग.

ताई : मीच. बस ना जरा. झोपलेली दिसत नाहीस.

धाकटी : आणि कडेचा कुणी लावला?

ताई : तोही मीच. अगं, चित्रच तसं आहे. समोरून उजेड पडला की नुसता पानापानांचा पडदा दिसतो. कडेने पडला की रंगाच्या जाड थरांची सावली पडते आणि पडद्यातून बाई वर येते. रंग तेच, जागा तीच. फसतो तो डोळा.

धाकटी : डोळा नाही, मी फसले. तुझ्या खोलीत मला समोरूनच दाखवलंस. वर म्हणालीस, "शोध बरं स्वतःला!" मी वेड्यासारखी शोधत बसले, हसले. म्हणून तर माझ्या शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना बोलावलं. मुख्याध्यापकसुद्धा आले.

ताई : चेहरा कुठे आहे त्यात? तू आहेस हे कुणाला कळणार?

धाकटी : माझं ऑपरेशन झालं, कसलं झालं, हे सगळ्या शाळेला माहीत आहे. चित्रातल्या बाईच्या छातीची एक बाजू सपाट, वर टाक्यांची रेघ. आणि काढलंय कुणी, तर माझ्या सख्ख्या बहिणीने. एवढं गणित येतं त्यांना.

ताई : लोक किती वेळ उभे होते, पाहिलंस? एक बाई रडली. ते कुरूप नाही, हे मला दाखवायचं होतं. तुलासुद्धा.

धाकटी : मग विचारायचंस.

ताई : विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.

धाकटी : म्हणजे कळत होतं तुला. झालं तर मग.

ताई : असं तोडून नको ना बोलूस.

धाकटी : अजून एक सांग. चित्रासाठी तुझ्यासमोर बसले तेव्हा चादर छातीशी घट्ट धरली होती मी. एकदाही सोडली नाही. मग ते टाके कुठून आणलेस? काखेकडे वळलेलं टोकसुद्धा बरोब्बर आहे.

ताई : आठवणीतून.

धाकटी : कसली आठवण?

ताई : दवाखान्यातली. ड्रेसिंग बदलायचे तेव्हाची.

धाकटी : तू माझा हात धरून उभी असायचीस तेव्हाची.

ताई : हात खरंच धरला होता गं. ते नाटक नव्हतं.

धाकटी : मी छताकडे बघत पडायचे. वाटायचं, ताई माझ्याकडे बघतेय.

ताई : तुझ्याकडेच बघत होते.

धाकटी : टाक्यांकडे.

ताई : दोन्हीकडे. माझे डोळे मेले असेच आहेत, काय करू? आई गेली तेव्हाही तिच्या पावलांचा रंग कसा बदलतोय, तेच बघत होते मी. रडत होते आणि बघत होते.

धाकटी : ह्यांनी अजून पाहिलं नव्हतं, ताई.

ताई : काय?

धाकटी : मला. घरी आल्यापासून बाथरूमची कडी लावून कपडे बदलते मी. म्हटलं, धीर झाला की मीच दाखवीन. ह्यांनीही कधी घाई केली नाही. आणि काल पाहिलं, हातात चहाचा कप धरून, लोकांच्या टाळ्या चाललेल्या असताना.

ताई : देवा. मला काय माहीत गं! काही बोलले का?

धाकटी : घरी गेल्यावर म्हणाले, "तिला दाखवलंस, मला नाही." मी तुला दाखवलंच नव्हतं, हे कसं पटवू?

ताई : मी बोलते त्यांच्याशी. आणि हे आत्ता उतरवते. धर त्या बाजूने.

धाकटी : राहू दे. आता उतरवून कुणापासून लपवायचं?

ताई : मग काय करू? चार शिव्या तरी दे.

धाकटी : चित्र चांगलं झालंय. वाईट असतं तर दिल्या असत्या.

ताई : सोमवारी तपासणी आहे ना? येते मी, नेहमीसारखी.

धाकटी : नको. ह्यांना सांगितलंय.

ताई : त्यांना? दवाखान्याच्या वासानेच घेरी येते त्यांना. म्हणून तर मी यायचे.

धाकटी : असू दे. डोळे मिटून हात धरतील.