हिरवी खूण दोनदा बघितली होती

साहेब, शुद्धलेखन चुकेल, माफ करा. आठवीतून शाळा सुटली आणि मी दोनच बोटांनी टाइप करते, त्यामुळे वेळ लागतोय.

नाव वर फॉर्मवर आहे. सगळे चिमणी म्हणतात. वय सतरा. काम स्कॅन सेंटरमध्ये, आलेल्या फाइली उघडून प्रिंट काढायचं. राहणार ताई-भावोजींकडे, सेंटरच्या मागची गल्ली, दुसरा मजला. ताई पण तिथंच कामाला आहे. मी समक्ष हजर राहून सांगते की,

आज सकाळी नऊ वीसला नेहमीच्या डॉक्टरांकडून मेल आला. मी ताईच्या पासवर्डनं बसले होते, मला वेगळा दिलेला नाही. सेंटरच्या मॅडमचा नियम आहे, आधी अँटिव्हायरसनं तपासायचं, हिरवी खूण आली तरच उघडायचं. मी दोनदा तपासलं. दोन्ही वेळा हिरवी. उघडलं तर स्क्रीन पांढरी झाली आणि बंद.

आमच्याकडे एक कॉम्प्युटर अडकला की फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन पुढच्या टेबलावर जायचं, अशी पद्धत आहे. मी गेले. तोही अडकला. मग स्कॅन मशीनच्या कॉम्प्युटरला लावला.

नऊ पन्नासला तिन्हीकडे लाल पाटी आली, सगळं कुलूपबंद. मशीनच्या आत स्कॅनसाठी झोपवलेले एक आजोबा होते. आतून म्हणाले, "झालं का गं पोरी, का मला इथंच ठेवताय?" ताई त्यांच्याजवळच होती. तिनं फळी हातानं ओढून त्यांना बाहेर काढलं. मी काही केलं नाही. 

कॉम्प्युटर दुरुस्त करणारे दादा आले. म्हणाले, "याला झिरो-डे म्हणतात. प्रोग्रॅममध्ये भोक आहे हे बनवणाऱ्यांनाच माहीत नव्हतं. म्हणजे बुजवायला मिळालेले दिवस शून्य. तुझी हिरवी खूण फक्त ओळखीचे चोर पकडते गं."

मी विचारलं, अशी भोकं अजून किती असतील?

"मला काय विचारतेस? चोरांना विचार." हसले. मग हसायचे थांबले.

पासवर्ड ताईचा म्हणून तिला दुपारपासून इथं चौकीच्या आतल्या खोलीत बसवलंय. फाइल मी उघडली. पेन ड्राइव्ह मी फिरवला. तिला जाऊ द्या.

हे सगळं मला मोठ्यानं वाचून दाखवलं, मी लिहिलं तसंच आहे. आत ताईलाही ऐकू गेलं असेल.

आत्ता भावोजींचा मेसेज आला, घरच्या मांजरीला चार पिल्लं झाली. फोटो पाठवलाय. मी अजून उघडला नाही.