मोह, ढग आणि दुधरामचा बाप

अर्जुनी मोरगावच्या बसथांब्यावर गोंदियाच्या बसची वाट पाहणाऱ्या रुचीच्या मागे दुधराम आणि रुख्मा हे म्हातारे नवराबायको बसले होते. बांधावरची मोहाची झाडं लाकडासाठी तोडायला द्यायचा सौदा करायला ते गोंदियाला निघाले होते.

"माहा बाप म्हणे, झाडं पावसाले बलावतेत," दुधराम सांगत होता.

"आन् तुमचा मास्तर?"

"पाऊस पडते म्हून झाडं होतेत, म्हणे. झाडाच्या हाती काई नाई."

"मंग आपली नातीन?"

"ते कॉलेजात शिकून राहिली. म्हणते, झाडं जमिनीतलं पानी वरतं धाडतेत, त्याचेबी ढग होतेत."

"म्हंजे तुमचा बापच खरा निंगाला!"

"अर्धा. समुद्रबी लागतेच म्हणे."

"मंग आपला अर्धा पाऊस कायले तोडता?"

तेवढ्यात गोंदियाची बस लागली.

"उठा, बस आली."

"जाऊ दे. आपल्या गावाची येऊ दे."

रुची चढली. खिडकीतून पाहते तर दोघे शिदोरी सोडून निवांत जेवायला बसले होते.