हातानं फिरवायचं मशीन

माझं माहेर मुळशीकडचं, आन् वारज्यात आले ती लग्न होऊन. तवा वारजं गावच व्हतं बगा ताई, ह्यो समोरचा बायपास न्हवता, ह्या सोसायट्या न्हवत्या, घराच्या मागनं निघालं की सरळ टेकडीच. नाव माझं सुमन. आमी बौद्ध, सासऱ्यांनी दीक्षा घेतल्याली, घरात पुस्तकं व्हती, शिकल्यालं घर, पन शेरडांचा नाद मी माहेराहून घेऊन आले. आईनं लग्नात एक शेळी दिली व्हती, तिचीच पिलावळ वाढत गेली. सासू म्हनायची, सून आनली का गुराखीन आनली. पन दूध प्यायची हो, गुमान प्यायची.

माझे मालक एका वर्कशॉपात टर्नर. लेथवर लोखंड कातायचे. हात असा साफ की शेठ म्हनायचा, तुझ्या कामाला पट्टी लावायची गरज न्हाई. आन् मंग एक दिस मला दवाखान्यातून बोलावनं आलं. जाते तर उजव्या हाताला ही मोठी पट्टी, तीन बोटं गेल्याली. काय सांगू तुमाला, मी रडले, सासू रडली, ते मातुर भिताडाकडं बगत पडलेले. कसं झालं म्हनून इचारलं तर म्हनले, झालं. बास, एवढंच. वर्सं गेली ताई, त्याच्यापुढं एक शब्द न्हाई.

त्या दिसापासनं त्यांना फिरत्या चाकाचा आवाजच सोसंना. शेजारनीनं मिक्सर लावला की हे पायात चपला घालून टेकडीवर. मी माझा मिक्सर भावजयीला देऊन टाकला, पाट्यावर वाटत बसले. आन् तो उजवा हात, तो त्यांनी कुनाला लावला न्हाई. पोरीच्या डोक्यावरनं फिरवायचा तरी डावा. पुढं वर्कशॉप बी बंद पडलं. इकडं समद्या कम्प्युटरच्या कंपन्या यायला लागल्या, काचेच्या इमारती झाल्या, पन त्यात तीन बोटं गेलेल्या टर्नरला कोन इचारतंय. मंग घर शेरडांवर आलं.

आन् शेरडांचं दूध बी कुनाला नको. सोसायट्यांमधी सकाळी डेअरीच्या पिशव्या यायच्या. कुनाचं म्हातारं खोकतंय, कुनाच्या बाळाला गाईचं पचत न्हाई, तेवढेच काय ते यायचे. अशात पेठेतल्या एक वैद्यबाई भेटल्या. त्या म्हनल्या, सुमनबाई, मला औषधाला शेळीचं तूप लागतं, द्याल का दर महिन्याला? मी हो म्हनून बसले. आता शेळीच्या दुधाचं असं हाय ताई, गाई-म्हशीच्या दुधावर साय तरंगून वर येती, शेळीची साय दुधातच मुरून बसती. रातभर ठिवलं तरी सकाळी वर नुसता पापुद्रा. त्याचं तूप किती निघनार? वैद्यबाई म्हनल्या, त्याला मलईचं मशीन मिळतं, दूध गरगर फिरवून साय येगळी काढतं.

गरगर म्हनल्यावर मला आदी मालकच आठवले.

घरी सांगितलं. मालक जेवत व्हते. घास तसाच हातात. म्हनले, मशीन घरात येनार असंल तर मी घरात न्हाई. मी म्हनलं, मंग घर चालवायचं कशावर, तुमीच सांगा. ते ताटावरनं उठले.

दोन महिने आमच्या घरात मीठ वाढ न् पानी दे एवढंच बोलनं. मंग मी ज्योतीला, म्हंजी माझ्या लेकीला घेतलं आन् गेले रविवार पेठेत. दुकानदार म्हनला, शेळीच्या दुधातली साय काढणार? काढा, काढा, वेळ बराच दिसतोय आपल्याकडे. पन मशीनं दाखवली त्यानं. इजेवरचं लावलं तर असा बारीक किंचाळनारा आवाज, की मीच कानावर हात ठिवला. ज्योती म्हनली, आई, हेच घे, हात दुखनार न्हाईत. मी म्हनलं, नको, हातानं फिरवायचं दाखवा. त्याचा आवाज घुमल्यासारखा, मऊ. दुकानदारानंच शिकवलं, आतल्या भांड्यात ह्या ताटल्या एकावर एक बसवायच्या, क्रम चुकवायचा न्हाई, खाली रबर नीट बसवायचा, वरनं चावीनं नट घट्ट आवळायचा. दूध कोमट पायजे, गार दुधाची साय निघत न्हाई. शेळीच्या दुधाला वरच्या भांड्याची तोटी थोडकीच उघडायची, दूध सावकाश पडू द्यायचं.

मशीन घरी आलं. मालकांनी बगितलं, आन् गेले टेकडीवर.

मंग ते रोजचंच झालं. मी दूध कोमट करायला घेतलं की ते उठायचे. ज्योती दांडा फिरवायची, मी तोटी धरायची, एका नळीतनं पांढरी शुभ्र साय, दुसरीतनं पातळ दूध. साय बगून जीव हरखायचा आन् दाराकडं बगून तुटायचा. आपन नवऱ्याला घराभाईर काढतोय, असंच वाटायचं.

एक दिस ज्योतीला क्लासला उशीर झालेला. घाईघाईनं तिनं ताटल्या बसवल्या, दांडा फिरवायला लागली. आधी नीट व्हतं, मंग मशीन थरथराया लागलं. आवाज बदलला, खडखड खडखड, टेबल सरकतंय, दूध उडतंय. ज्योतीनं भिऊन दांडा सोडला, तरी आतलं भांडं फिरतंच व्हतं, ते का लगेच थांबतंय! मला सुचंना. वाटलं, आता समदं उसळून पोरीच्या तोंडावर येनार. मी हात पुढं केला, वरनं दाबून धराया.

हात घालू नको!

असं वरडनं मी जल्मात ऐकलं न्हवतं. मालक दारात. टेकडीवरनं न्हाई, घरामागंच बसलेले असायचे रोज, ते मला तवा कळलं. आले ते एका झेपंत, ज्योतीला मागं सारलं आन् माझं मनगट धरलं. त्या उजव्या हातानं धरलं ताई. दोन बोटांनी, पन अशी पकड की हाड दुखलं. म्हनले, फिरू दे. आपसूक थांबू दे. जागची हलू नको.

आमी तिघं उभे. पायाखाली दुधाचं थारोळं. ते भांडं खडखडतंय, हळू व्हतंय, पुना खडखडतंय. कवा थांबंल असं झालं.

थांबलं. तरी त्यांनी हात सोडला न्हाई. मंग खाली बगून म्हनले, मी बी मशीन बंदच केलं व्हतं. जेवायची सुट्टी झाल्याली. चाक थांबत न्हवतं, म्हनून हातानं दाबलं. रोजच दाबायचो.

ज्योती रडाया लागली. तिच्या डोक्यावरनं त्यांनी हात फिरवला. कंचा ते मी सांगत न्हाई, तुमाला कळलं असंल.

मंग ते खाली बसले, म्हनले, आन ते भांडं. ताटल्या एक एक काढून पुसल्या. एक ताटली उलटी बसल्याली व्हती, तेवढ्यानं तोल गेलेला. माझी तीन न् तुझी पाच, आठ बोटं गेली असती घरात, असं म्हनले आन् नीट बसवून दिलं. त्या महिन्याचं तूप वैद्यबाईंना थोडं उशिरानं गेलं, पन गेलं.

आता ज्योती हिंजवडीला कंपनीत हाय, गाडी न्यायला येती तिला. टेकडीला भिंत घातली, चराया जागा न्हाई, शेरडं दोनच ठिवलीत. तूप अजून निघतं, थोडं. दांडा मालक अजून बी फिरवत न्हाईत, तो मीच फिरवते. पन ताटल्या तेच बसवतात, आन् समोर बसून कान देऊन ऐकत ऱ्हातात. भांडं पुरतं थांबल्याबिगर आमच्या घरात कुनी जागचं उठत न्हाई, पावना असला तरी न्हाई. तुमी बी बसा घटकाभर, साय घेऊन जावा. तुमची लेकरंबाळं हातापायानं धड ऱ्हावीत, दुसरं काय मागनार मी.