ठानेदाराले घर पाहिजे

...अन वरून लोकं मलेच म्हनतेत, "पुरनलालभाऊ, कोंबडाच तं होय, देऊन टाका कोनाले!" देऊन टाका! तुमाले सांगतो, पोरगी देनं सोपं हाय, कोंबडा देनं सोपं नाई. पोरीले पाहाले लोकं येतेत तं शिक्षन इचारतेत, स्वभाव इचारतेत. कोंबड्याले पाहाले येतेत अन सरळ मांडी चाचपतेत! अन म्हनतेत कसे, "हाव, ठेवून घेतो, लाडानं ठेवतो." कुठं ठेवन बाप्पा? चुलीवरच्या गंजात?

पन आमचा कोंबडा तसा नाई ना! तुमी पाह्यलाच नाई त्याले... लालबुंद तुरा, मानेवर सोन्यावानी पिसं, अन चालनं असं का घरामांगची पूर्ण सांदवाडी त्याच्या नावावर हाय अन आमी तिथं किरायानं राहून राहिलो. गावानं नावच ठेवलं ठानेदार. लहान होता तवा मुंगसानं त्याची माय नेली, भाऊबहीन नेले, हा एकटा उरला. माह्यी बायको भूमेश्वरी, तिनं त्याले टोपलीत धानाचा कोंडा टाकून चुलीजवळ वाढवला. मोठा झाला, अन एक दिवस तोच मुंगूस परत आला. आता कोनताही कोंबडा काय करन? उडून छपरावर जाईन. ह्यानं काय केलं? मान खाली घातली, पंख फुगवले, अन त्या मुंगसाले बोडीच्या, म्हंजे शेतातल्या तळ्याच्या, पाळीपर्यंत पिटाळून आला! मुंगसाले! माह्या हातातला चहा थंडा होऊन गेला, मी पाहूनच राह्यलो. कोंबडाच होय का अजून कोनी होय, मातामायलेच मालूम! मातामाय म्हंजे गावाच्या शिवेवर बसली ते आमची देवी, सगळ्याईची राखन करते.

असा कोंबडा द्याची गरज काऊन पडली म्हनता? जावयाच्या पायानं पडली, अजून काय! माह्यी एकुलती एक पोरगी सोनिका, तिले तिरोड्याकडे देली. जावई खुमेंद्र, मानूस चांगला, कपडे त्याहून चांगले. मांगच्या वेळी आला तं पांढरा झक पँट, कानाले मोबाईल. भूमेश्वरी दारात पाय धुवाचं पानी घेऊन उभी. पाहुना आला का पहिले पाय धुते, मंग अंगनात येते, आमची रीतच हाय. जावयानं मोबाईलवर बोलता बोलता हातानंच 'राहू द्या, राहू द्या' केलं अन तसाच आला आंदर, बुटासकट! ठानेदार तुळशीजवळ उभा होता. त्यानं एक डोळा जावयावर लावला... मंग मान तिरपी करून दुसरा लावला... अन असा सुटला, असा सुटला का पोटरीचा एक लचकाच! जावई पळाला तो मोटारसायकलवर जाऊन बसला. चहा तिथंच पेला. पोहे तिथंच खाल्ले. निरोपाचा टिळा तिथंच लावून घेतला!

जाता जाता म्हनला, "मामाजी, सोनिकाचं पहिलं बाळंतपन हाय, माहेरीच व्हाले पाहिजे, मले कबूल हाय. पन हा कोंबडा अंगनात असन तवापर्यंत मी येत नाई, अन तिलेही पाठवत नाई. भाजीत असन तं दोघंही येतो."

झालं! आंदरून भूमेश्वरी निघाली. "का जी, आयकून घ्या. माह्या पोरीले घरी आना. पन ह्याच्या मानेले कोनी सुरी लावली, तं ह्या घरात चूल पेटनार नाई." आता सांगा! पोरगी याले पाहिजे, कोंबडा जाले पाहिजे, अन गेलेला कोंबडा जिता राहाले पाहिजे! तिकडं सोनिका फोनवर रडून राहिली, "बाबूजी, मले तुमच्याकडंच याचं हाय." उचलला ठानेदार, बसवला पिशवीत, मुंडकं बाहेर, अन निघालो.

पहिले गेलो चोरखमाऱ्याले. तिथं तलावाच्या पान्यावर दुधरामची धानशेती, घरी कोंबड्या पन बक्कळ. दुधराम हात जोडून म्हनला, "द्या ना भाऊ! पोटच्या पोरावानी ठेवतो!" मले बरं वाटलं. चहा आला. अन चहा पेता पेता माह्या कानावर आवाज... घस्, घस्, घस्... आंदर रुख्मावहिनी पाटा धुवून राहिल्या! मंग लसनाचा वास. मी इचारलं, "वहिनी, लसून कायले सोलता?" वहिनी म्हने, "काही नाई भाऊजी, आपला असाच!" असाच लसून कोन सोलते? मी पिशवी उचलली.

मंग कोहमाऱ्याले, हायवेवर मुन्नालालचा ढाबा. तिथं ट्रकवाले, गर्दी, सांडलेला भात... कोंबड्याले मजा! मुन्नालाल म्हनला, "भैया, बिलकुल टेन्शन मत लो! यहाँ मेहमान बनके रहेगा!" मी म्हनलो, "कबतक?" तो म्हनला, "शाम तक तो पक्का!"

ह्या पूर्ण वेळात ठानेदार पिशवीतून मुंडकं काढून सगळ्याईकडं पाहून राहिला. भेव नाई, फडफड नाई. मी घामानं भिजून गेलो अन हा साहेबावानी रस्ता पाहून राहिला! कोंबडाच होय का अजून कोनी होय, मातामायलेच मालूम!

परतताना सौंदडले स्टेशनजवळच्या टपरीवर थांबलो. पिशवी पाहून लोकं जमले. कैलाश चहावाल्यानं तं मांडी चाचपाले हातच घातला. मी दिवसभराचा जळलेलो, एकदम वरडलो, "हात लावू नको! मातामायचा हाय!" मले वाटलं, देवीचं नाव घेतलं का कोनी खानार नाई. हाय का नाई मी बैल? ह्या मुलखात जलमलो, अन मलेच समजलं नाई, का मातामायचा कोंबडा म्हंजे नवसाचा कोंबडा, अन नवसाचा कोंबडा म्हंजे पूर्ण गावाचं जेवन! कैलाशचं तोंडच फुललं, "वा भाऊ! कधी हाय कार्यक्रम? तिखट-मसाला माह्याकडून!" दुसरा म्हने, "तांदूळ मी आनतो!" तिसरा म्हने, "भाकरी नोका करू, भातच बरा!" आता काय करू? मी म्हनलो, "आयका! हा कापाचा नाई, सोडलेला हाय! मातामाय माह्या सपनात आली, म्हनली ह्याले जिता ठेव!"

अन तेवढ्यात तिकडून मालगाडी आली, धडधडत, भोंगा वाजवत. ठानेदाराले भोंगा सहन झाला नाई. त्यानं पिशवीतून मान ताठ केली अन अशी बांग देली, अशी बांग देली... का गाडी थांबली! खरंच थांबली! आता सिग्नल लाल होता, तो मले दिसून राहिला होता. पन माह्याही अंगावर काटा आला ना भाऊ! कैलाशनं डोक्यावरचा दुपट्टा काढला अन हात जोडले. "बाप्पा!" एवढंच म्हनला. मी म्हनलो, "मंग तूच ठेवून घे ना ह्याले." तं दोन पावलं मांगं सरकला! "नाई भाऊ, देवीचा कोंबडा, माह्याकडून काही चुकलं-माकलं तं?" आधी सगळ्याईले खाले पाहिजे होता, आता कोनालेच ठेवाले नोको!

घरी आलो तं भूमेश्वरी हसून राहिली. टपरीवरच्या एका पोरानं, रिंकूनं, मोबाईलमधून तिथला व्हिडिओ सगळ्याईले पाठवला होता, माह्या आधी तो पोचला. म्हने, "मातामाय तुमच्या सपनात आली? एवढे घोरता, दारातूनच परत गेली असन!" मी गुपचूप नारळ घेऊन शिवेवर गेलो, देवीपुढं कान पकडले. म्हनलो, "माय, तुह्या नावानं खोटं बोललो. पन तुलेही मालूम हाय, तो साधा नाई."

अन परत येतो तं जावयाचा फोन! जावई म्हने, "मामाजी, व्हिडिओ पाह्यला! आधी काऊन नाई सांगतलं? मी पाय न धुता आंदर आलो, म्हनून मातामायनं शिक्षा देली! मी सोनिकाले घेऊन येऊन राहिलो." अन आला ना बाप्पा! दारात अनवानी उभा राहून घोट्यापर्यंत घासून घासून पाय धुतले. मंग आंदर आला. मी आशीर्वादासाठी हात वर केला, तो माह्या बाजूनं निघून गेला, अन तुळशीजवळ ठानेदाराच्या समोर वाकला! ठानेदारानं एक डोळा लावला... दुसरा लावला... अन मान फिरवून दाने टिपाले लागला. जावयाच्या जीवात जीव आला. मंग माह्या पाया पडला.

सोनिकाले पोरगी झाली. दवाखान्यातून बाळ घरी आलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी ठानेदार आरवलाच नाई. पूर्ण गाव उशिरा उठलं! मी घाबरून धावत गेलो, तं हा पाळण्याखाली चूप उभा, अन वर पोरगी झोपलेली. खरं सांगतो, माह्ये डोळे भरून आले. ज्यानं मुंगसाले सोडलं नाई, जावयाले सोडलं नाई, तो एवढ्याशा जीवासाठी आपली बांग गिळून उभा! कोंबडाच होय का अजून कोनी होय...

म्हंजे सगळं चांगलंच झालं म्हना. आता गावोगावचे लोकं येतेत, दारात पाय धुतेत, त्याच्यापुढं तांदूळ टाकतेत, मंग मले इचारतेत, "तुमी कोन होय?" माह्यी खुर्ची सावलीत होती, तिथं आता तो बसते. मी जोरानं खोकललो तं भूमेश्वरी म्हनते, "हळू, ठानेदार झोपला." म्हनून म्हनतो भाऊ, तुमच्या पाहन्यात एखादं चांगलं घर असन तं सांगा. कोंबड्यासाठी नाई, त्याले भेटलं. माह्यासाठी पाहून राहिलो. चोच मारत नाई, सकाळी आरवत नाई, टाकलं ते खातो... फक्त घोरतो थोडासा.