मुठीतला बर्फ

बाळंतपणाच्या तयारीचा वर्ग सुटला होता. लिफ्टच्या रांगेत माझ्यापुढे नवरा-बायको.

"बाळंतपणाच्या वेळी आत तू येणार आहेस, की आईला बोलावू?"

"आईंनाच बोलाव. कळ सोसायच्या सरावाला बाईंनी बर्फ दिला, तो मला मिनिटभर मुठीत धरवला नाही. वीस सेकंदांत टाकला."

"मी धरला की!"

"तेच तर! आत मला चक्कर आली, तर डॉक्टर कुणाला बघतील?"

"मला. तू पडून राहायचं."

"चेष्टा नको गं. भीती वाटते."

"मलाही वाटते. बर्फ टाकलास, तेव्हा दुसऱ्या हातात काय होतं?"

"तुझा हात."

"तो कधी सोडलास?"

"...अजून कुठे सोडलाय?"

"मग आईला कशाला बोलावू?"