मुलीचा मामा आणि नकाशातला पूल

मंडळी, माणसाला जे जे शोधायचं असतं, ते सगळं आत आहे. बाहेर काही नाही. बाहेरचे आधार सुटले की माणूस आत वळतो, आणि जो आत वळला तो पोहोचला.

माना डोलल्या. डोलू द्या, वाक्य तसं वजनदारच आहे. फक्त ते कुणाचं, तेही ऐका. हे वाक्य कुठल्या मठात कुणी उच्चारलेलं नाही. सांगलीला मोटारींचं एक दुकान आहे – काचेचं, आत गार हवा, आलेल्या माणसाला आधी कॉफी पाजतात. तिथे गळ्यात टाय बांधलेल्या एका तरुणाने ते श्रीनिवासपंत धामणकरांना ऐकवलं. "काका, या नव्या मॉडेलमध्ये फोन जोडायची सोय कंपनीने काढूनच टाकली. आता गरज नाही. नकाशा, गाणी, बोलून रस्ता सांगणारी बाई – सगळं आत आहे."

मग प्रश्न असा की, सगळं आत असताना माणूस वाट चुकतो कसा? पेटीवाले, मान हलवू नका, तुम्हाला उत्तर येत नाही. तुम्ही सूर धरा. उत्तर आख्यानात आहे.

तर श्रीनिवासपंत. पाटबंधारे खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त. हयातभर त्यांनी पाण्याला वाट दाखवली. अशा माणसाला वाट दाखवायला कोण धजावणार? एकच व्यक्ती धजावायची – धर्मपत्नी हेमाताई.

जुन्या गाडीत फोन जोडला की समोरच्या पडद्यावर नकाशा उमटायचा. फोन कुणाचा? हेमाताईंचा. पंतांचा फोन आवाज ऐकण्यापुरता, आणि तोही समोरच्याने ओरडला तर. म्हणजे गाडी पंत चालवणार आणि रस्ता हेमाताईंचा. शिवाय ऐन चौकात नकाशा बाजूला सरायचा आणि पडद्यावर निरोप उमटायचा – 'भिशी उद्या वंदनाकडे, डबा आणणे.' पंतांना हे खुपत असे. त्यामुळे टायवाला तरुण "फोन जोडता येणार नाही" म्हणाला, तेव्हा दुसरा कुणी दुकानातून उठून गेला असता. पंतांना मात्र मोक्षाचं दार दिसलं.

आणि नव्या गाडीतली ती बाई! आवाज साखरेत घोळलेला. तुम्ही चुकलात, तिचं न ऐकता भलतीकडे वळलात, तरी काय म्हणते? "मार्ग पुन्हा शोधत आहे." बस्स. "मी तेव्हाच सांगितलं होतं" नाही, "माझं कोण ऐकतंय" नाही. मंडळी, घरी असं कधी ऐकलंय? पुरुषमंडळी खाली बघताहेत. बघा, बघा. फरशी चांगली आहे देवळाची.

आता कथेत लग्न येतं. पंतांची थोरली बहीण शैलाताई, कऱ्हाडला दिलेली. तिची मुलगी मुग्धा, तिचं लग्न. आणि लग्नात मुलीच्या मामाचं काम तुम्हाला ठाऊक आहे. मामाने भाचीचा हात धरायचा, तिला बोहल्याशी आणायचं, आणि मंगलाष्टकं संपेतो तिच्या पाठीशी उभं राहायचं. बाप असतो, आई असते, पण त्या घटकेला पोरीच्या पाठीशी मामा. पंत हे शैलाताईंचे एकुलते एक सख्खे भाऊ. म्हणजे मान त्यांचाच.

पण मुग्धाच्या साखरपुड्याला पंत पोहोचले तेव्हा मुलाकडची मंडळी निघून गेली होती आणि उरलेले लोक पेढे खाऊन हात पुसत होते. कुठलासा जवळचा रस्ता त्यांना सापडला होता. त्या दिवशी मामाच्या जागी उभा राहिला मधू. मधुसूदन, चुलतभाऊ. बोलायला फार गोड. "दादा, तू सावकाश ये. घाई कशाला? मी आहेच की." असा गोड नातेवाईक प्रत्येक घरात एक असतो. तुमच्या घरात नसेल, तर तो तुम्हीच आहात.

लग्नाच्या आदल्या दिवशी शैलाताईंचा फोन आला. "श्रीनिवास, साखरपुड्याचं मी गिळलं. उद्या मुहूर्ताला तू नसलास, तर पोरीच्या पाठीशी मधू उभा राहील. आणि मग या घरात मामा तोच. तू ये, जेव, जा."

पंत म्हणाले, "ताई, यंदा गाडी बदललीय."

"तू कधी बदलणार?" ताई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

सकाळी निघाले. पंतांनी धोतर, उपरणं, डोक्याला टोपी, असा मामाला शोभेल तो थाट केला. हेमाताई फोन घेऊन पुढच्या सीटवर बसायला गेल्या, तर पंतांनी हात पुढे केला. "दोन्ही फोन बॅगेत. बॅग डिकीत. आज एकाग्रतेने जायचं." हेमाताईंनी फोन दिला. लग्नाला निघताना भांडू नये, असा त्यांचा नियम होता. परतताना कसलाच नियम नव्हता.

हायवेला सगळं सुरळीत होतं. कऱ्हाड जवळ आलं आणि बाई बोलली, "पुढे डावीकडे वळा."

हेमाताई म्हणाल्या, "सरळ. ताईंनी लोकेशन पाठवलंय, मी सकाळी बघून ठेवलंय. कार्यालय हायवेला लागूनच आहे."

"तू सकाळी बघितलंस. ही आत्ता बघतेय."

"हिला आमंत्रण आहे का लग्नाचं?"

पंत डावीकडे वळले. मंडळी, तुम्ही म्हणाल, हा माणूस दुष्ट. नव्हे. भक्त होता. भक्त आणि दुष्ट यांत लांबून फरक दिसत नाही.

डांबरी रस्ता संपला, मुरमाचा लागला. मुरूम संपला, मातीचा लागला. दोन्ही बाजूंना ऊस, आरशांना पाती घासताहेत. बाई शांत. "सरळ जा." हेमाताई समोर बघत म्हणाल्या, "सरळ म्हणजे उसातून की उसावरून?" पंतांनी काच वर केली. बाई म्हणाली, "सरळ जा. पुलावरून पुढे जा. आपले ठिकाण जवळ आले आहे."

आणि ऊस संपला. समोर कालवा! पलीकडच्या काठावर कार्यालयाचा रंगीत मांडव, माणसं, झिरमिळ्या, सगळं दिसतंय. बाई खोटं बोलली नव्हती, ठिकाण खरंच जवळ होतं. फक्त पूल नव्हता.

गाडी थांबली. थांबल्या क्षणी पडदा काळा झाला आणि त्यावर अक्षरं आली: 'गाडी उभी आहे. नवीन आवृत्ती भरत आहोत. कृपया धीर धरा.' गाडी सुरू होईना. पंत घाईने उतरून मागे गेले, डिकी उघडेना. कशी उघडेल? डिकीचं बटण पडद्यावर. आणि तेवढ्यात डिकीतून आवाज येऊ लागला. फोन वाजत होता. आधी हेमाताईंचा, मग पंतांचा, मग दोन्ही मिळून. शैलाताईंशिवाय कोण असणार?

पंतांनी डिकीला कान लावला. मंडळी, योगी लोक हिमालयात जाऊन बसतात, वर्षानुवर्षं डोळे मिटून, कशासाठी? आतून येणारा अनाहत नाद ऐकू यावा म्हणून. श्रीनिवासपंतांना तो कऱ्हाडच्या अलीकडे, उसाच्या बांधावर, धोतर नेसून, विनासायास ऐकू आला. काय उपयोग? उचलता येत नव्हता.

इथे एक ओवी, आमच्याच पदरची:

आत ठेविली किल्ली, दार लोटुनी घेतले।
उभा राही अंगणी, म्हणे घर माझे हरपले॥

द्या पेटीवाले, सूर द्या. बरं. पुढे ऐका.

हेमाताईंनी सहज उजवीकडे पाहिलं, तर बांधावर आणखी एक गाडी उभी. तीच कंपनी, तोच रंग, तसाच काळा पडदा. फक्त हिच्यावर झेंडूच्या माळा. गाडीशेजारी मुंडावळ्या बांधलेला एक तरुण, आणि त्याला उपरण्याने वारा घालणारे एक गृहस्थ.

गृहस्थांनी हात जोडले. "मी हर्डीकर. मुलाचा बाप. हा मुलगा."

म्हणजे मुग्धाचा नवरदेव. लग्नाआधी नवऱ्या मुलाला मारुतीच्या दर्शनाला नेतात. मारुती कालव्याच्या या अंगाला. जाताना पुढे गावातला माणूस होता, येताना हर्डीकर म्हणाले, आता गाडीला माहीत आहे.

"तुमच्याकडे फोन असेल," पंत म्हणाले.

"माझा कार्यालयात चार्जिंगला लावलाय. म्हटलं, सगळं गाडीत आहे. याच्या पितांबराला खिसा नाही. आणि तुमचा?"

"आमचा आत आहे," पंत म्हणाले.

पलीकडून लाउडस्पीकर बोलला. गुरुजींचा आवाज. "मुहूर्त जवळ आला आहे. मुलीच्या मामांनी बोहल्यापाशी यावे." थोडं थांबून, "नवरदेव जिथे असतील तिथून त्यांनीही यावे." आणि मग, जरा खालच्या स्वरात, "मामा न आल्यास श्रीयुत मधुसूदन यांनी हातपाय धुऊन तयार राहावे."

पंत पलीकडच्या मांडवाकडे बघू लागले. मधू हातपाय धूत असणार. आनंदाने धूत असणार, साबण लावून.

हर्डीकर वैतागून म्हणाले, "नकाशात धडधडीत पूल आहे हो, माझ्या गाडीत दिसत होता. इथे का नाही? हा कालवा आखला कुणी? त्याला आधी धरून आणा."

पंतांनी टोपी सारखी केली. मंडळी, कालवा आखला होता श्रीनिवासपंतांनी. नोकरीत असताना, ऐन उमेदीत. आराखड्यात इथे पूल होता. त्यांनीच काढलेला, सुबक, शाईने. पुढे तो त्यांनीच रद्द केला. शेरा मारला, 'या जागी पलीकडे जाण्याचे कुणास काही कारण दिसत नाही.' पूल रद्द झाला, पण जुना आराखडा कुठून कुठून फिरत नकाशे करणाऱ्यांच्या हाती लागला, आणि तिथून गाडीच्या पोटात जाऊन बसला. शेरा मागे राहिला. पूल पुढे गेला. ती गोड बाई पंतांना दुसऱ्या कुणाचं नव्हे, पंतांचंच जुनं म्हणणं परत ऐकवत होती.

हेमाताईंना हे ठाऊक होतं. तो शेरा लिहिला त्या संध्याकाळी पंतांनी जेवताना मोठ्या अभिमानाने सांगितला होता. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि काही म्हणाल्या नाहीत. मंडळी, बायको रागावली तर निभावतं. काही म्हणाली नाही, तर समजावं की आपली प्रगती संपली.

पंतांनी धोतराचा काचा मारला. "कालव्याला आत्ता पाणी सोडलेलं नाही," ते म्हणाले. "तळाला चिखल आहे, गुडघ्यापर्यंत. उताराला पायरी धरा, डावीकडे दगडी पिचिंग आहे, काठाला दगड बसवलेत." हे पडद्यात नव्हतं. हे त्यांच्या पायांना आठवलं.

अडचण एकच. नवरदेव म्हणजे साक्षात नारायण. हळद लागलेली, मुंडावळ्या बांधलेल्या, मारुतीचा अंगारा कपाळाला. नारायणाला चिखलातून चालवायचं? हर्डीकर म्हणाले, "याची आई मला घरात घेणार नाही." शेवटी व्याही आणि मामा, दोघांनी एकमेकांची मनगटं धरली, मुलांच्या खेळात धरतात तशी, त्या चौकटीवर नवरदेव बसला, आणि निघाली पालखी. हेमाताई मागून, चपला हातात घेऊन. मध्यावर नवरदेव हळूच म्हणाला, "मामा, मी उतरू का? मी ट्रेकिंगला जातो."

"गप्प बस," पंत म्हणाले. "तुझ्यामुळे माझा मान उरणार आहे."

रीत अशी की मामाने मुलीला आणावं. यांनी मुलाला आणलं!

मांडवात अंतरपाट धरला गेला होता. एका बाजूला मुग्धा, डोळे पाण्याने भरलेले, मागे मधू, हात तिच्या खांद्याशी, चेहरा प्रसन्न. दुसऱ्या बाजूला कुणीच नाही. आणि मागच्या दाराने, गुडघ्यापर्यंत काळे, असे पंत आत आले. तसेच हर्डीकर, आणि सोबत नवरदेव, कोरडा.

शैलाताई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मधू, बाजूला हो."

"ताई, मी आता पाय धुतलेत –"

"म्हणूनच. ज्याने धुतले नाहीत, त्याला उभा राहू दे. सगळे हात बांधून बसले होते, नवरा शोधायला एकटा हा गेला."

सगळा मांडव पंतांकडे बघू लागला, कौतुकाने. पंतांनी तोंड उघडलं. मुग्धाने वळून पाहिलं आणि मामाचा चिखलाचा हात घट्ट धरला. पंतांनी तोंड मिटलं. गुरुजींनी मंगलाष्टक सुरू केलं. हेमाताई पहिल्या रांगेत बसल्या. शेजारच्या बाईने विचारलं, "फार शोधावं लागलं का हो?"

"हो ना," हेमाताई म्हणाल्या. "वाटेत त्यांना त्यांचं एक जुनं काम सापडलं, म्हणून बरं."

तर मंडळी, उत्तर. सगळं आत आहे, हे खोटं नाही. पण आत काय आहे? आत आपणच भरलेलं आहे. आपण कधीकाळी काढलेला पूल, जो आपणच रद्द केला आणि विसरलो. तुम्ही डोळे मिटून आत बघता, तिथे गोड आवाज येतो, 'सरळ जा', आणि तुम्हाला वाटतं देव बोलला. देव कशाला बोलेल? तो तुमचाच जुना शेरा. म्हणून आत जरूर वळावं. पण वळण्याआधी शेजारी बसलेल्या माणसाला एकदा विचारावं. त्याने सकाळी बघून ठेवलेलं असतं.

आता तुम्ही हसलात, मामाला हसलात. घरी जाताना गाडीत कोण कुणाचं ऐकतं, तेवढं बघा. मला सांगायला येऊ नका.

त्या कंपनीने यंदाच्या मॉडेलमध्ये फोन जोडायची सोय परत दिली आहे. गेल्या वर्षीच्या गाड्यांना ती बसत नाही.