साहेबाचा मेंढीचोर

मी बर दुबईला खाडीपार नेणाऱ्या अब्राच्या, म्हणजे होडीच्या रांगेत उभी होते. मागे एक नवराबायको बोलत होते.

“आमचा इंग्रज साहेब लीव्हवरून आला, कमल. खेड्यातल्या चर्चची जुनी रजिस्टरं चाळून स्वतःचा खापरपणजोबा शोधून आलाय.”

“कोण निघाला? जमीनदार?”

“मेंढीचोर. चांगली वर्षभर जेल झालेली.”

“अगंबाई! मग तोंड लपवून बसला असेल बिचारा.”

“छे गं! अख्ख्या ऑफिसला केक वाटला. थडग्याचा फोटो फ्रेम करून टेबलावर ठेवलाय.”

“बघा! आणि तुमचे बापूकाका चोरीपायी आत जाऊन आले, तर आपल्या पर्णिकाला बघायला येणाऱ्यांना कळू नये म्हणून तुम्ही मला शपथ घातलीत. त्यांनाही सांगून टाकू या. केक मी करते.”

“अगं, साहेबाच्या चोराला मरून दीडशे वर्षं झाली. आपला व्हिजिट व्हिसावर येऊन आपल्याच हॉलमध्ये झोपतोय. शुक्रवारी मुलाकडच्यांच्या शेजारी जेवायला बसणार आहे.”

“यल्ला, यल्ला!” अब्रावाला ओरडला. रांग पुढे सरकली.

“अहो.”

“काय?”

“मग चांदीच्या वाट्या नकोत. स्टीलच्याच काढते.”